संतापाकडून सातत्याकडे

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या भागातील ज्येष्ठ कार्यकर्त्यांची एक बैठक होती. विषय नेहमीचेच. सेवाकार्यांचा आढावा, नवे उपक्रम, नवे कार्यकर्ते. हल्ली बहुतेक बैठकांतील चर्चा जिथे येऊन थांबते, तिथेच ही चर्चाही येऊन थांबली. "मुले हुशार आहेत, कमावती आहेत, पण समाजाचे त्यांना काही पडलेले नाही," असे एक ज्येष्ठ बंधू म्हणाले आणि उपस्थितांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. आपल्या वडिलांना गाडीतून घेऊन आलेला एक जण मागच्या भिंतीशी उभा होता. वय पस्तीस-छत्तीस. तो काहीसा संकोचत म्हणाला, "काका, रागावू नका, पण तुम्ही आम्हाला बोलावता ते खुर्च्या मांडायला आणि ध्वनिक्षेपक लावायला. काय करायचे ते ठरवताना कधी बोलावले आहे का?" क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग चहा आला आणि विषय बदलला.

विषय बदलला, तरी त्या तरुणाचा प्रश्न मनातून जाईना. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. बोलणे खरे होते आणि म्हणूनच ते टोचले. या पिढीला समाजाचे भान खरोखरच नाही, की ते आपल्या ओळखीच्या वाटेने येत नसल्यामुळे आपल्याला दिसत नाही? याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे. निदान चुकले तर उपचारही चुकणार.

कोणती ही पिढी?

साधारणतः १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेल्यांना आज सर्वत्र 'मिलेनियल' म्हटले जाते. नील हाव आणि विल्यम स्ट्रॉस या अमेरिकन लेखकद्वयाने १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातून हे नाव पुढे आणले. अमेरिकेतील पिढ्यांचे साचे आपल्या समाजाला जसेच्या तसे लावणे अर्थातच योग्य नव्हे. पुण्यातील संगणक अभियंता आणि बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराचा मुलगा एकाच वर्षी जन्मले, म्हणून त्यांची घडण एक होत नाही. तथापि, आपल्या वाचकांच्या घराघरांत या वयाची जी मुले, सुना, जावई आहेत, त्यांचे काही अनुभव निश्चितच समान आहेत. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर त्यांच्या घरात परदेशी वाहिन्या आल्या आणि खासगी क्षेत्रातील नोकऱ्या आल्या. त्याच वेळी वडिलांना लाभलेली कायम नोकरीची शाश्वती मात्र गेली. लहानपणी शेजाऱ्यांच्या घरी जाऊन दूरध्वनी करणाऱ्या या मुलांच्या खिशात शिक्षण संपेपर्यंत मोबाइल आला होता.

आज ही मंडळी तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान आहेत. त्यांना 'आजकालची पोरे' म्हणणे आपण आता थांबवावयास हवे. त्यांच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत, मुले शाळेत आहेत, आईवडील थकत चालले आहेत. इतर सर्व आश्रमांचा भार गृहस्थाश्रमावर असतो, असे आपली परंपरा सांगते. तो भार आज ज्यांच्या खांद्यावर आहे, ती हीच पिढी होय. तिचे सामाजिक भान हा केवळ कौतुकाचा किंवा टीकेचा विषय राहत नाही. पुढील वीस-पंचवीस वर्षे आपला समाज कसा चालेल, हे त्यावर ठरणार आहे.

उदासीनतेचा आरोप टिकत नाही

५ एप्रिल २०११ रोजी अण्णा हजारे दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले. राळेगणसिद्धीच्या या वृद्ध कार्यकर्त्यामागे पाहता पाहता देशभरातील महाविद्यालयीन तरुण आणि नोकरदार उभे राहिले. ऑगस्टमध्ये रामलीला मैदान भरले, तेव्हा पुणे-मुंबईतच नव्हे तर जिल्ह्याजिल्ह्यांच्या गावी मोर्चे निघाले. पाठिंबा कळविण्यासाठी एका क्रमांकावर 'मिस्ड कॉल' द्यावयाचा होता. लक्षावधींनी तो दिला. पुढील वर्षी, १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री राजधानीत एका तरुणीवर जो अमानुष अत्याचार झाला, त्यानंतर कडाक्याच्या थंडीत पाण्याचे फवारे अंगावर झेलत रायसीनाच्या चढावर उभी राहिली तीही याच वयाची मुले-मुली होती.

हा केवळ मेणबत्त्या पेटविण्याचा उमाळा होता, असे आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा म्हटले. वस्तुस्थिती तशी नाही. कायद्यात सुधारणा सुचविण्यासाठी नेमलेल्या न्या. जे. एस. वर्मा समितीकडे सुमारे ८० हजार सूचना आल्या. समितीने अवघ्या २९ दिवसांत, २३ जानेवारी २०१३ रोजी आपला अहवाल सादर केला आणि त्याच वर्षी फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. जुन्या पिढीला जे उमगले नव्हते ते तरुणांनी शिकविले, अशी कबुली ऐंशीच्या घरातील न्या. वर्मांनी त्या वेळी जाहीरपणे दिली. सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश ती देऊ शकतात, तर आपल्याला ती जड का जावी?

त्यानंतर एप्रिल-मे २०२१ आठवावे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूची सोय असलेली खाट कोठे शिल्लक आहे, औषध कोणत्या दुकानात आहे, डबा कोण पोहोचवील, याच्या याद्या रात्रंदिवस भ्रमणध्वनीवरून फिरत होत्या. त्या आपोआप तयार होत नव्हत्या. दिवसभर घरून नोकरीचे काम करणारी मुले-मुली रात्री एकेका क्रमांकावर फोन लावून तो खरा की खोटा याची खातरजमा करीत होती. रुग्ण एका शहरात, त्याचा मुलगा परदेशात आणि खाट शोधणारी मुलगी तिसऱ्याच गावी, असे त्या दिवसांत कितीतरी ठिकाणी घडले. ज्याच्यासाठी धडपडलो त्याचे नावही पुष्कळांना पुढे आठवत नसेल. याला निरपेक्ष सेवा म्हणावयाचे नाही, तर दुसरे कशाला म्हणावयाचे?

जिथे छायाचित्र नसते

मग आपल्या ज्येष्ठांची तक्रार सर्वस्वी निराधार आहे काय? तसेही म्हणता येणार नाही. तक्रारीचे शब्द चुकीचे आहेत, पण तिच्या मुळाशी एक खरे निरीक्षण आहे.

लोकपालाचेच उदाहरण घ्या. ज्या कायद्यासाठी २०११ मध्ये मैदाने भरली, तो संसदेने डिसेंबर २०१३ मध्ये संमत केला आणि १६ जानेवारी २०१४ पासून तो अमलात आला. देशाला पहिला लोकपाल मिळाला तो मात्र मार्च २०१९ मध्ये, न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या रूपाने. मधली पाच वर्षे कायदा पुस्तकात होता आणि खुर्ची रिकामी होती. 'कॉमन कॉज'सारखी एखादी संस्था सर्वोच्च न्यायालयात तारखांमागून तारखा घेत हा विषय लावून धरीत होती. नेमणूक लांबणीवर टाकण्याचे समर्थन होऊ शकत नाही, असे न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतरही दोन वर्षे गेली. लक्षावधी 'मिस्ड कॉल' देणाऱ्यांपैकी कितीजण या काळात त्या रिकाम्या खुर्चीची आठवण ठेवून होते? प्रत्यक्ष नेमणूक झाली त्या दिवशी कोठे गुलाल उधळला गेल्याचे स्मरत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या दारातले आहे. मुंबई आणि पुणे या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद आणि प्रभागरचनेतील फेरबदल यांत निवडणुका अडकल्या आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी पार पडल्या. म्हणजे जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेत आणि विद्येच्या माहेरघरी लोकनियुक्त सभागृहच नव्हते. अंदाजपत्रके प्रशासकांनी मांडली आणि प्रशासकांनीच मंजूर केली. रस्त्यावरील एका खड्ड्याच्या छायाचित्रावर शेकडो संतप्त प्रतिक्रिया लिहिणाऱ्या पिढीला, खड्डा बुजविण्याचा जाब ज्याला विचारावयाचा तो नगरसेवकच अस्तित्वात नाही, ही गोष्ट तितकीशी बोचली नाही. खड्ड्याचे छायाचित्र निघते. न झालेल्या निवडणुकीचे निघत नाही.

माझ्या मते या पिढीच्या सामाजिक आकलनातील कच्चा दुवा नेमका हा आहे. तिला सामाजिक प्रश्न प्रथम भेटतो तो पडद्यावर, एखाद्या चित्राच्या किंवा चित्रफितीच्या रूपाने. चित्र हलवून सोडते, संताप येतो, मन भरून येते, हात तत्काळ खिशाकडे किंवा कळफलकाकडे जातो. परंतु चित्र जितक्या वेगाने येते तितक्याच वेगाने पुढचे चित्र त्याची जागा घेते. आणि समाजाचे बहुतेक जुनाट प्रश्न, कुपोषण, शाळेतील गळती, व्यसन, रखडलेले न्यायदान, हे चित्रात मावणारे नसतात. ते रोज थोडे थोडे घडतात आणि रोज थोडे थोडेच सुटतात.

२०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करणे बंधनकारक केले. चांगलीच गोष्ट झाली. अनेक संस्थांना त्यातून बळ मिळाले. त्याचबरोबर एकाच रंगाचे सदरे घालून जुलै महिन्यात टेकडीवर वृक्षारोपण करण्याची प्रथाही रूढ झाली. रोप लावतानाचे छायाचित्र सर्वांच्या संग्रही असते. रोपाला एप्रिल-मे महिन्यांत पाणी लागते आणि ते पहिली दोन-तीन वर्षे लागते. तेव्हा टेकडीवर कोण असते?

आरशात पाहताना

येथवर वाचून आपल्यापैकी काहींना समाधान वाटले असेल, तर थोडे थांबावे आणि आरशातही पाहावे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची विसर्जनाची रात्र उलटली आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची भूमी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. आमचा अठरा जणांचा गट ट्रकमध्ये घोंगड्या, पीठ आणि औषधे घालून तिसऱ्या दिवशी तेथे पोहोचला. आठ दिवस आम्ही ढिगारे उपसले. परत आल्यावर गावोगावी आमची अनुभवकथने झाली. त्या आठ दिवसांविषयी आम्ही आजही भरल्या गळ्याने बोलतो. पण पुढील वर्षी पुन्हा तेथे किती जण गेले? दोघे. उरलेले सोळा आपापल्या नोकरी-व्यवसायात होते, आणि मी त्या सोळांपैकी एक होतो. तिकडे ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेने हराळीला शाळा उभारून तेथे मुक्कामच ठोकला. भूकंपाच्या खऱ्या जखमा त्यानंतरच्या वर्षांत भरल्या गेल्या आणि त्या भरणारे हात मोजकेच होते. तात्पर्य, उमाळ्याने धावून जाणे आणि मग पांगणे हा दोष मोबाइलबरोबर जन्माला आलेला नाही. पूर्वी उमाळा वर्षातून एकदा येई, आता तो आठवड्यातून तीनदा येतो, इतकाच काय तो फरक.

आणखी एक गोष्ट मनमोकळेपणे कबूल करावयास हवी. आमचे कार्यालय साडेपाचला सुटे. सहाच्या ठोक्याला आम्ही मैदानावर किंवा बैठकीत असू. रविवारी प्रवास, सुट्ट्यांत शिबिरे. त्या वेळी घरी मुलांचा अभ्यास कोण घेत होते, सासूबाईंचे औषधपाणी कोण पाहत होते, आयत्या वेळी आणलेल्या चार कार्यकर्त्यांना गरम पोळी कोण वाढत होते? आमच्या समाजकार्याचे निम्मे श्रेय त्या माउलीचे, आणि तिचे नाव कोणत्याही इतिवृत्तात नाही. आजच्या घरात नवरा-बायको दोघेही नोकरी करतात; रात्री नऊला परदेशातील सहकाऱ्यांशी बैठक असते; जाण्यायेण्यात दोन तास मोडतात; आणि आजचा मुलगा घरी आल्यावर कुकर लावतो, मुलीला जेवू घालतो. हे त्याचे समाजकार्य नव्हे, पण संस्काराचेच काम आहे. त्याच्याकडे आमच्याइतका वेळ नाही, याचे एक कारण असे की आमचा वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी कष्टांतून आलेला होता.

प्रश्न कळतो, माणूस भेटतो

त्या बैठकीतील तरुणाचे पुढे काय झाले, हे सांगणे येथे प्रस्तुत ठरेल. आठवड्याभराने मी त्याच्या घरी गेलो आणि आमच्या सेवावस्तीतील अभ्यासिकेचे दायित्व घेशील का, असे विचारले. त्याने तत्काळ होकार दिला नाही. त्याने आधी गेल्या तीन वर्षांचे हिशेब मागितले. एकूण मुले किती, दहावी किती झाली, मध्येच किती गळली, खर्च किती आला. खरे सांगावयाचे तर आम्हाला थोडा राग आला. इतकी वर्षे कोणी असे विचारले नव्हते. वह्या काढल्या तेव्हा ध्यानात आले की गळालेल्या मुलांची नोंद आम्ही ठेवलेलीच नव्हती. आलेल्यांची हजेरी होती, गेलेल्यांचा पत्ता नव्हता.

तो आला तेव्हा त्याच्यापाशी एक योजना तयार होती. कंपनीकडून मुलांना टॅबलेट मिळवावयाचे, त्यावर पाठ बसवावयाचे, सहा महिन्यांत गुण वाढवावयाचे. आम्ही आडकाठी केली नाही. तीन महिन्यांनी टॅबलेट आले. नववीतली एक चुणचुणीत मुलगी मात्र दर मंगळवारी आणि शुक्रवारी गैरहजर असे. त्याच्या तक्त्यात तिच्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा पडू लागला. एका शुक्रवारी तो तिच्या घरी गेला. वस्तीतील नळाला त्या दोन दिवशी संध्याकाळी सहा ते साडेसात पाणी येते. आई चार घरची कामे आटोपून आठला परतते. धाकटा भाऊ पाच वर्षांचा. पाणी भरणार कोण?

त्याने मंगळवार-शुक्रवारची अभ्यासिका रात्री आठला सुरू केली आणि मुलींना घरापर्यंत पोहोचविण्यासाठी वस्तीतील दोन आयांनाच पाळी लावून दिली. त्या मुलीबरोबर आणखी चार मुली नियमित झाल्या. हा काही पाणीप्रश्नाचा उलगडा नव्हे. पण त्या दिवसापासून त्याच्या बोलण्यातला एक शब्द बदलला. पूर्वी तो 'गळतीची समस्या' म्हणत असे. आता तो मुलींची नावे घेतो. आता तो महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात अर्जही करतो, माहितीच्या अधिकारात वेळापत्रक मागवितो. ही हत्यारे त्याला आमच्यापेक्षा चांगली चालविता येतात. आम्हाला माणसे ठाऊक होती, परंतु व्यवस्थेला प्रश्न विचारणे आम्ही टाळत आलो. त्याला व्यवस्था ठाऊक होती, माणूस भेटावयाचा होता. दोन्ही एकत्र आले तेव्हा काम पुढे सरकले.

सातत्य शक्य आहे

अशी उदाहरणे विरळ आहेत असेही समजण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईतील अफरोज शाह नावाचा तरुण वकील आणि त्याचे चौऱ्याऐंशी वर्षांचे शेजारी हरबंश माथूर या दोघांनी वर्सोव्याच्या किनाऱ्यावरील कचरा उचलण्यास प्रारंभ केला. पुढील आठवड्यात ते पुन्हा गेले, त्यापुढील आठवड्यातही गेले. हळूहळू शेकडो हात लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वयंसेवकांना शिवीगाळ झाल्यामुळे आणि उचललेला कचरा हलविला जात नसल्यामुळे काम थांबविण्याची वेळ आली. ते पुन्हा सुरू झाले. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिले समुद्राकडे जाताना दिसली. या कार्याचा प्रारंभ एका तरुणाने आणि एका आजोबांनी मिळून केला, ही गोष्ट मला विशेष बोलकी वाटते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये 'निर्माण' हा उपक्रम आरंभला. तेथे तरुणांना 'समाजसेवा करा' असा उपदेश ऐकवून परत पाठवीत नाहीत. लागोपाठच्या शिबिरांतून त्यांना स्वतःच्या जीवनाचा हेतू शोधावयास लावतात. त्यातून कित्येक तरुण डॉक्टर ग्रामीण आणि वनवासी भागातील आरोग्यकेंद्रांत जाऊन राहिले. २०१६ पासून चार वर्षे 'पानी फाउंडेशन'च्या वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने शहरातील हजारो तरुण महाराष्ट्रदिनी हातात कुदळ घेऊन दुष्काळी गावांत श्रमदानाला गेले. एक दिवसाच्या श्रमाने पाणलोट उभा राहत नाही हे खरे. त्यासाठी गावकरी पंचेचाळीस दिवस राबत. पण त्या एका दिवसाने शहरातील पुष्कळांना आपण पितो ते पाणी कोठून येते, हे प्रथमच दिसले.

आपल्याच इतिहासात डोकावले तर महर्षी कर्वे दिसतात. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला, महिला विद्यापीठ १९१६ मध्ये उभे राहिले. मधली वीस वर्षे हिंगण्याच्या माळावरची झोपडी, फर्ग्युसनमधील अध्यापन, रोजची पायपीट आणि घरोघर गोळा केलेली वर्गणी यांत गेली. त्या वीस वर्षांचे छायाचित्र निघाले नसते.

आपण काय करावे?

या पिढीस प्रथम चार शब्द. एकच प्रश्न निवडा, तोही घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरचा. महिन्याचे चार तास द्या. पण तीन वर्षे द्या. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे आवश्यक आहे. तुमच्या कार्यालयातील समितीवर कोण आहे, ती बसते का, हे पाहा. शक्य तर तिचे सदस्यत्व घ्या. दिल्लीच्या थंडीत उभे राहण्याइतकेच हे मोलाचे आहे. आता महापालिकांत सभागृहे आली आहेत. आपल्या प्रभागाचे अंदाजपत्रक एकदा वाचा. पुण्यात नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामे सुचविण्याची पद्धत २००६ पासून सुरू झाली. एक साधा अर्ज भरावयाचा असतो. त्या अर्जावर कोणी टाळ्या वाजवीत नाही. पण पदपथ त्यातूनच होतो.

आता आपणा ज्येष्ठांविषयी. सातत्य म्हणजे त्याच वेळी, त्याच जागी, त्याच चार जणांची बैठक नव्हे. त्या सवयीलाच आपण पुष्कळदा निष्ठा समजत आलो. बैठक रात्री साडेनऊला, मुले झोपल्यावर, भ्रमणध्वनीवरून घेता येते, ती घ्यावी. सूनबाईंना बैठकीला यावयाचे असेल तर त्या संध्याकाळी नातवंडांना आजोबांनी सांभाळावे. हिशेब मागितले तर रागावू नये. ज्याला हिशेब हवा आहे, त्याला काम आपले वाटू लागले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हाताखाली काम करण्यासाठी माणसे मागू नयेत. दायित्व द्यावे, चुका करण्याची मुभा द्यावी. आम्हालाही कोणी तरी ती पंचविशीत दिली होती, म्हणून तर आम्ही टिकलो.

अभ्यासिकेतील तो तरुण आता वर्ष होत आले तरी येतो आहे. मध्यंतरी कंपनीच्या कामासाठी तो सहा आठवडे बाहेरगावी होता. तेव्हा आता हाही सुटणार, असे मला वाटले होते. परत आल्यावर पहिल्या मंगळवारी आठला तो हजर होता आणि त्याने सोबत आणखी एकाला आणले होते. पुढच्या वर्षी येईल की नाही, हे आज सांगता येत नाही. किल्लारीहून परतलेल्या अठरांपैकी कोण पुन्हा जाईल, हेही तेव्हा सांगता आले नसते. तो टिकेल की नाही हे काही अंशी आपल्यावरही अवलंबून आहे.

पुढच्या बैठकीच्या खुर्च्या आपणच मांडू. ठरवायला त्यांना बसवू.